फोनच्या वहीतला किल्ला

रविवारी पडद्यावरच्या चार चौकटींतून तुम्ही चौघं दिसायला लागता, आणि मी काही नवीन सांगितलं की एकदम ओरडता, "आजी, बरोबर की प्रश्न?" मी "बरोबर" म्हटलं तर पुढे बोलायची परवानगी मिळते. "प्रश्न" म्हटलं तर हसता. हा खेळ कुठून आला ते तुमच्यापैकी फक्त थोरल्याला, म्हणजे तुमच्या दादाला माहीत आहे. बाकीची तुम्ही तिघं तेव्हा एक तर जन्मलीच नव्हतीत किंवा पाळण्यात होतीत. मागच्या महिन्यात मी त्याला विचारलं, "लिहू का रे ते?" तो म्हणाला, "लिही, पण सगळं लिही." म्हणून सगळं लिहिते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं आणि खरं म्हणजे मलाही. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, पुढे दिल्लीतल्या एका शाळेत मी तीच भाषा शिकवली. पण गोष्ट घरातली आहे, तेव्हा घरातल्या भाषेतच सांगावी. अडेल तिथे आयांना विचारा.

आधी वहीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यातून निघालं.

तुमच्या आजोबांच्या कचेरीतल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली आणि आम्ही सरकारी क्वार्टर सोडून मयूर विहारात राहायला आलो, तेव्हा आमच्या गच्चीवरून यमुनेकडे बघितलं की भाजीचे मळे दिसत. पुढे एकेक इमारत उठत गेली आणि मळे मागे सरकले. दादाची आई, म्हणजे माझी लेक, नोकरीसाठी त्याला घेऊन परदेशी गेली तेव्हा दादा तीन वर्षांचा होता. घरच्या फोनवरून परदेशी बोलायची सोय आम्ही तेव्हा घेतली नव्हती. मार्केटमध्ये पिवळ्या पाटीचा बूथ होता. काचेच्या दाराआड उभं राहून बोलायचं, आणि समोर लाल आकडे पळत असायचे. ते आकडे बघितले की मला काय सांगायचं होतं तेच आठवायचं नाही. म्हणून मी वही केली.

सोमवारपासून जे जे घडेल ते त्यात एकेका ओळीत टिपायचं आणि रविवारी क्रमाने सांगायचं. पहिल्याच महिन्यात माझ्याकडून एक घोटाळा झाला. कुणाच्या तरी आजारपणाची ऐकीव बातमी मी लेकीला सांगितली, ती तिकडे दोन दिवस रडली, आणि तो माणूस ठणठणीत निघाला. तेव्हापासून मी प्रत्येक ओळीपुढे खूण करू लागले. स्वतः पाहिलेलं किंवा खात्री केलेलं असेल तर वर्गात वह्या तपासताना करते तशी बरोबरची खूण. नुसतं ऐकलेलं किंवा वाचलेलं असेल तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हवाली ओळ फोनवर सांगायची नाही, आधी खात्री करायची, हा नियम. पुढे घरचाच फोन चालायला लागला, बूथ बंद पडला, तिथे मोबाईलचं दुकान आलं. वही मात्र चालूच राहिली.

आजोबा म्हणायचे, "चित्रगुप्तालासुद्धा एवढं व्यवस्थित जमत नसेल."

"म्हणूनच त्याच्याकडे एवढी गर्दी असते," मी म्हणायची.

दादा दहा-अकरा वर्षांचा झाला आणि फोनवर माझ्याशी बोलायचा बंद झाला. बंद म्हणजे अगदी बंद नाही. "हाय आजी. फाइन. ओके. बाय." एवढं बोलायचा, आणि तेसुद्धा आईने मागून ढकलल्यावर. मी वहीत त्याच्यासाठी वेगळं पान केलं होतं. आंब्याला मोहर आला, शेजारच्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली, असं बरंच काही त्यावर होतं. सगळ्याला उत्तर एकच यायचं, "ओके." तीन वर्षांचा होता तेव्हा माझ्या मांडीवर बसल्याशिवाय तो जेवत नसे. पण ते त्याला आठवण्याचं कारण नव्हतं आणि मी ते बोलूनही दाखवलं नाही.

त्याच सुमाराला त्याला त्या जादूच्या राज्याच्या सिनेमांचं वेड लागलं. सिनेमांचं नाव लिहीत नाही, कारण त्यातला कुठला भाग चांगला यावरून तुमची अजून भांडणं होतात. मी मार्केटातून सीडी आणल्या आणि दुपारी आजोबांबरोबर बसून सगळे भाग क्रमाने पाहिले, टिपणं काढून. धुक्यातला किल्ला, पाताळात उतरत जाणारा जिना, सावलीवर चालणारं डोंगराएवढं घड्याळ. आजोबा दुसऱ्या भागातच झोपले.

मग एका शुक्रवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत बातमी आली की मालिकेतला नवा भाग येतोय, त्यानिमित्त 'सिनेमातला किल्ला' डिसेंबरात नोएडातल्या एका मॉलमध्ये अवतरणार आहे. मेट्रो नुकतीच आमच्यावरून पुढे नोएडात गेली होती. आमच्या स्टेशनापासून ते स्टेशन पाचवं. मी वहीत लिहिलं: 'किल्ला. नोएडा. डिसेंबर.' आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

रविवारी नेहमीप्रमाणे "हाय आजी, फाइन" झालं आणि तो "ओके" म्हणणार एवढ्यात मी म्हणाले, "तुझ्या सिनेमातला किल्ला आमच्याकडे आहे."

 मग, "व्हॉट?" पुढचंही तो इंग्रजीतच बोलला, पण मी मराठीत लिहिते. "कुठे?"

"घरापासून मेट्रोने पाच स्टेशनं."

"खरा किल्ला? सिनेमातला?"

मी म्हणाले, "हो."

तुमच्या दादाने सगळं लिही म्हटलं आहे, म्हणून लिहिते. त्या वेळी वही माझ्यासमोर उघडी होती आणि प्रश्नचिन्ह मला दिसत होतं.

पुढच्या रविवारी फोन वाजला तर आईच्या आधी तोच बोलायला. दिल्लीत आणखी काय काय आहे? मी त्याला कनॉट प्लेसजवळच्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीचं सांगितलं. हुबेहूब तो पाताळातला जिना. जंतरमंतरचं सांगितलं, तिथे घरांएवढी यंत्रं सावलीवर वेळ दाखवतात. "त्या सिनेमावाल्यांनी हे इथूनच घेतलं असणार," असंही मी म्हणाले. 'असणार' माझं होतं, म्हणून वहीत त्या दोन्ही ओळींपुढेही प्रश्नचिन्हच होतं. तिकडे पोचेपर्यंत त्याचं 'आहे' झालं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. आठ रविवार आम्ही असे बोललो. एकदा अर्धा तास. लेक मागून म्हणायची, "अगं आई, आता मला दे ना फोन!" आणि तो म्हणायचा, "वेट, आजी सांगतेय."

आठव्या रविवारी त्याने सांगितलं की हे सगळं त्याने वर्गात सांगितलंय. नाताळच्या सुट्टीत तो आणि त्याची आई भारतात येणार होते. परत गेल्यावर त्याला वर्गासमोर उभं राहून फोटो दाखवत बोलायचं होतं. विषय ठरला होता: माझ्या आजीच्या गावातल्या सिनेमाच्या जागा.

"एक मुलगा म्हणाला, मी खोटं बोलतोय," दादा म्हणाला.

"मग?"

"मी सांगितलं, माझी आजी खोटं बोलत नाही. ती टीचर होती."

मी वही मिटली. अजूनही वेळ होता. पाच स्टेशनांवर जाऊन काय आहे ते बघून यायचं, आणि त्याला खरं काय ते सांगायचं. मी गेले नाही. कामं होती असं मी स्वतःला सांगत होते. बघायला का जात नव्हते ते मला पक्कं ठाऊक होतं.

ते आले ते धुक्यातच. विमान उशिरा उतरलं. दादा माझ्या खांद्यापर्यंत आला होता. गळ्यात नवा कॅमेरा. वाकून नमस्कार करायचा असतो हे त्याला माहीत होतं, पण कुठे थांबायचं ते माहीत नव्हतं, त्यामुळे तो बराच वेळ वाकूनच राहिला. मी त्याला उठवलं तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला, "किल्ला उद्या ना?"

दुसऱ्या दिवशी लेकीची झोप उलटी झाली होती म्हणून ती घरी राहिली आणि आम्ही तिघं निघालो. माझ्याकडे वेळापत्रक होतं आणि डबा होता: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या. बाहेर जायचं तर घरचा डबा घ्यायचा, यात मॉलसाठी अपवाद करायचं मला सुचलंच नाही. दारावरच्या गार्डने पिशवी उघडली.

"आंटी जी, बाहर का खाना अंदर नहीं जाएगा."

"खाना नहीं है भाई, दशमी है," आजोबा म्हणाले.

"वो क्या होती है?"

"पराठा ही समझो."

"तो खाना ही हुआ ना, अंकल जी."

दादाला हिंदी कळत नव्हती, पण आजोबा हरले हे कळलं आणि तो खुदकन हसला. आल्यापासूनचं ते पहिलं हसू. डबा गार्डच्या टेबलावर ठेवून आम्ही आत गेलो.

किल्ला होता. सरकत्या जिन्यांच्या मधल्या चौकात तो उभा होता, साधारण आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढा. राखी रंग दिलेलं प्लायवूड, वर थर्माकोलचे बुरूज, खालून एका यंत्रातून सोडलेला पांढरा धूर. पुढे मोबाईलच्या जाहिरातीतल्या मुलीचा पुठ्ठ्याचा पुतळा आणि फोटो काढून घ्यायला मुलांची रांग.

दादा रांगेत उभा राहिला नाही. त्याने समोरून एक फोटो काढला. मग तो शांतपणे किल्ल्याला वळसा घालून मागे गेला. मी त्याच्यामागे गेले. मागच्या बाजूला रंग नव्हता. बांबू, सुतळ्या, खिळे. एका फळीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं आणि शेजारी बाण होता.

"काय लिहिलंय?" त्याने विचारलं. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती.

मनात आलं, काहीही सांगता येईल. किल्ल्याचं नाव आहे म्हणावं. राजाचा संदेश आहे म्हणावं.

"'इधर से उठाओ' असं लिहिलंय," मी म्हणाले. "म्हणजे, इथून उचला."

तो त्या फळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाच का तो?"

"हो."

"बट यू सेड, खरा."

 आजोबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते जाहिरातीतल्या पुतळ्याकडे बघायला लागले.

बाहेर गार्डने डबा परत दिला. "आंटी जी, खुशबू बहुत अच्छी आ रही थी," तो म्हणाला. आजोबांनी त्याला एक गूळपोळी दिली. आम्ही स्टेशनाच्या बाहेर कठड्यावर बसून जेवलो. दादाने दशमी खाल्ली, थँक यू म्हटलं, आणि घरापर्यंत पाचही स्टेशनं खिडकीतून बाहेर बघत राहिला. नदीकाठच्या धुक्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर मी चहा टाकायला गेले. परत आले तर तो फोनच्या टेबलाशी बसला होता आणि वही त्याच्या हातात होती. त्याच्यासाठीची पानं मी इंग्रजीत लिहीत असे, फोनवर अडखळायला नको म्हणून. त्यामुळे तो सगळं वाचू शकत होता.

"आजी, ही खूण कसली?"

"स्वतः पाहिलं असेल तर ती."

"आणि ही?"

"ऐकलं असेल, खात्री नसेल, तर."

त्याने किल्ल्याच्या ओळीवर बोट ठेवलं. विहिरीच्या ओळीवर ठेवलं. घड्याळाच्या ओळीवर ठेवलं. तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह. मी माझ्या हाताने काढलेलं, नीट, खालच्या टिंबासकट.

"म्हणजे तुला माहीत होतं की तुला माहीत नाही."

शाळेतल्या सगळ्या वर्षांत मला इतकं नेमकं कुणी पकडलं नव्हतं. "हो," मी म्हणाले.

"मग का सांगितलंस?"

लेक उठून दारात आली होती. "अरे, आजीने तुला गंमत म्हणून—"

"गंमत म्हणून नाही," मी म्हणाले. "तू फोनवर बोलत नव्हतास. किल्ल्याचं सांगितलं तर बोलायला लागलास. थांबवावंसं वाटलं नाही."

दादाने वही मिटून ठेवली. त्याने कॅमेरा घेतला आणि किल्ल्याचा समोरून काढलेला फोटो लावून आईला दाखवला. लेक म्हणाली, "अरे, हा तर मस्त आलाय!" खरंच मस्त आला होता. खालून काढलेला, धुरात बुरूज उभे, पुठ्ठ्याची मुलगी कडेला कापली गेलेली. फोटोत तो किल्ला सिनेमातल्यापेक्षाही खरा वाटत होता.

"हा दाखव ना वर्गात," लेक म्हणाली. "कुणाला काय कळणार आहे!"

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला ते करता येणार होतं. त्याला खोटं म्हणणाऱ्या मुलाचं तोंड बंद झालं असतं, त्याची आजीही टीचर ती टीचरच राहिली असती. मी 'नको' म्हटलं तर त्याने तोंडघशी पडायचं, आणि तेही माझ्या चुकीपायी. तो मी काय म्हणते याची वाट बघत होता, हे मला कळत होतं.

शाळेत असताना उशिरा येणाऱ्या किंवा गृहपाठ न करणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मी चिठ्ठी लिहून घेत असे. एकच अट, कारण खरं लिहायचं. आजी आजारी होती असं लिहिणाऱ्यांच्या आजींची मी घरी चौकशी करत असे. त्या सगळ्या मुलांची मला त्या दिवशी आठवण झाली.

"फोटो दाखवायचा की नाही ते तू ठरव," मी म्हणाले. "पण मी तुझ्या टीचरना एक चिठ्ठी लिहून देते. चूक कुणाची होती ते त्यात असेल. ती द्यायची की नाही, तेही तूच ठरव."

"आणि मग मी दाखवू काय?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्याकडे काहीच नाही!"

चहा पीत बसलेले आजोबा म्हणाले, "तीनच तर प्रश्नचिन्हं आहेत. एकाचा आज निकाल लागला. उरलेली दोन बघून येऊ. वही तू घे. हिच्याकडे नको."

म्हणून दुसऱ्या दिवशी वही दादाकडे आणि पेनही त्याच्याकडे. माझं वेळापत्रक घरीच राहिलं.

जंतरमंतरला पोचलो तेव्हा सूर्यच नव्हता. ते मोठं लाल यंत्र धुक्यात जिन्यासारखं वर चढत गेलेलं, आणि सावली कुठेच नाही. दादाने वहीत काही लिहिलं नाही. आम्ही बाकावर बसलो. आजोबांनी शेंगदाणे काढले. तासाभराने धुकं विरळ झालं आणि गवतावर एक फिकट रेघ उमटली. मग ती गडद होत गेली. दादा उठला, सावलीच्या कडेवर त्याने पेन्सिल आडवी ठेवली आणि शेजारी उकिडवा बसला. थोड्या वेळाने तो ओरडला, "आजी! इट्स मूव्हिंग!"

मी इतकी वर्षं दिल्लीत राहते. इथे पाहुण्यांना मी किती वेळा घेऊन गेले असेन. सावली सरकताना मी कधी पाहिली नव्हती, कारण तेवढा वेळ मी कधी थांबलेच नव्हते. पेन्सिल आता उन्हात होती.

तिथला म्हातारा चौकीदार आमची गंमत बघत होता. त्याने जवळ येऊन यंत्रावरची वेळ वाचून दाखवली. दादाने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "यंत्र चुकतंय. मागे आहे."

"मागे नाही," आजोबा म्हणाले. "तुझ्या हातातली वेळ सगळ्या देशाची. ही फक्त दिल्लीची. इथे सूर्य डोक्यावर येईल तेव्हा हिचे बारा."

"बीस-बाईस मिनट जोड़ लो, बाबू," चौकीदार म्हणाला, "फिर आपकी घड़ी भी सही, हमारी भी सही."

आजोबांनी ते दादाला समजावून सांगितलं. त्याने बोटांवर हिशेब केला, पुन्हा मनगटाकडे पाहिलं, आणि वही उघडली. घड्याळाच्या ओळीपुढचं माझं प्रश्नचिन्ह खोडलं नाही. खाली नवी ओळ लिहिली: 'सिनेमातलं आहे का? माहीत नाही. घड्याळ आहे का? आहे. चालतं का? मी पाहिलं.' आणि पुढे बरोबरची खूण केली, माझ्यापेक्षा मोठी.

तिथून विहिरीकडे गेलो. आपल्याकडे अशा विहिरीला बारव म्हणतात. तो शब्द मी त्याला सांगितला आणि त्याने तो दोनदा म्हणून पाहिला. उंच घरांच्या मधोमध एका गल्लीत ती एकदम पायाखाली उघडते, आणि पायऱ्या खाली खाली जातात. आत थंड होतं, पारव्यांचा आवाज घुमत होता. त्याने उतरताना पायऱ्या मोजल्या, मी वरून मोजल्या. दोघांचे आकडे तीनने चुकले. तो पुन्हा वर आला आणि पुन्हा उतरला. या वेळी एकने चुकले. "लिहिताना 'शंभरच्या आसपास' लिहू," तो म्हणाला, "आणि प्रश्न." मी म्हणाले, "शाबास." ते माझ्या तोंडून वर्गातल्यासारखंच निघालं. तळाशी उभा राहून त्याने वर माझा फोटो काढला. पायऱ्यांच्या टोकाला मी एवढीशी, हातात डब्याची पिशवी. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. आता तो कुठला ते कळलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. आयुष्यभर चिठ्ठ्या लिहून घेतल्या, स्वतः लिहिली ती पहिलीच. तीन ओळी लिहून खोडल्या. दादा शेजारी बसून वाचत होता.

"'गैरसमज झाला' असं का लिहिलंस?" तो म्हणाला. "गैरसमज नव्हता झाला."

मी ते खोडलं. किल्ला मी पाहिलेला नव्हता, माझ्या वहीत तशी खूण होती, तरी मी नातवाला तो खरा आहे असं सांगितलं, त्याने माझ्यावर विश्वास ठेवून वर्गात सांगितलं, तेव्हा खोटं बोलण्याचा आळ त्याच्यावर येऊ नये, एवढं लिहिलं. आजोबा मागून डोकावून म्हणाले, "कारण खरं लिहिलंय का? नाहीतर तुझ्या आजीकडे चौकशी होईल."

"माझी आजी वर गेली," मी म्हणाले.

"तिथे चित्रगुप्त आहे ना!"

चित्रगुप्त कोण, हे दादाला सांगावं लागलं, आणि मग तो पोट धरून हसला.  कागदाची घडी करून त्याने ती कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली. देणार की नाही, ते मी विचारलं नाही.

त्याची शाळा सुरू झाल्यानंतरच्या रविवारी माझ्या वहीत त्याच्या पानावर एकच शब्द होता: 'चिठ्ठी', आणि पुढे प्रश्नचिन्ह. फोन वाजला. मी उचलायच्या आधी दोन घंटा होऊ दिल्या. मी अगदी शेजारीच बसले होते असं वाटायला नको, म्हणून.

"हाय आजी."

"हाय. कसा आहेस?"

"फाइन." मग तो थांबला.  "मी वाचून दाखवली," तो म्हणाला.

"टीचरना?"

"सगळ्यांना. आधी किल्ल्याचा पुढचा फोटो दाखवला, सगळे वॉव म्हणाले. मग मागचा दाखवला."

मागचा फोटो त्याने कधी काढला ते मला माहीतच नव्हतं. 'इधर से उठाओ'चा. आमची पाठ फिरल्यावर काढला असणार. त्या फळीवर वर्ग खूप हसला म्हणे. मग त्याने माझी चिठ्ठी वाचली, आणि मग घड्याळ आणि बारव दाखवली. बारव हा शब्द त्याने फळ्यावर लिहिला, इंग्रजी अक्षरांत.

"तो मुलगा काय म्हणाला?"

"त्याने विचारलं, तुझी आजी नेहमी खोटं बोलते का?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, वही बघून सांगतो."

मी हसले की रडले ते आजोबांना विचारा, ते समोर बसले होते. तेवढ्यात दादाने विचारलं, "या आठवड्यात काय आहे?"

माझ्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, "त्या शेजारच्या कुत्रीची आठवण आहे ना, तिचं एक पिल्लू आता आमच्या जिन्यात झोपतं."

"बरोबर की प्रश्न?"

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, दार उघडलं, जिन्यात बघून आले.

"बरोबर," मी म्हणाले.

तर ते असं सुरू झालं. पुढे तुम्ही एकेक करून बोलायला लागलात आणि दादाकडून शिकलात. हे सगळं आजोबांना वाचून दाखवलं. त्यांची एकच दुरुस्ती आहे: आपण सिनेमाच्या दुसऱ्या भागात झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो. त्यापुढे मी प्रश्नचिन्ह घातलं आहे.

या आठवड्याच्या पानावर एकच ओळ आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे एक घुबड राहायला आलंय, असं सोसायटीचा चौकीदार म्हणतो. मी दोन संध्याकाळी वर जाऊन बसले, अजून दिसलेलं नाही. प्रश्न.